विनंतीला सव्वातीन गुण

रस्ते व गटारे विभागाच्या तक्रार निवारण कक्षात रोज सुमारे चारशे ईमेल येतात आणि त्यातल्या साडेतीनशे निव्वळ कचरा असतात, याबद्दल कार्यालयात संपूर्ण एकमत होतं. नेमक्या कोणत्या साडेतीनशे, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एकमत टिकवायचं तर एवढी काळजी घ्यावीच लागते.

विषय ऐरणीवर आला तो साहेबांमुळे. एके सकाळी साहेबांना 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे' अशी मेल आली. निवड कशासाठी झाली ते त्यात लिहिलं नव्हतं. पण आयुष्यात कधीतरी कुणीतरी आपली निवड केली, या आनंदात साहेबांनी तिच्यावर टिचकी मारली. पुढचे दोन दिवस कक्षातले सगळे संगणक एका अनोळखी बाईचा गुडघेदुखीवरचा अनुभव मोठमोठ्याने सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी आदेश निघाला: 'आवक टपालास चाळणी बसविण्यात यावी.'

आदेश जिन्याखालच्या खोलीत आला. एका बाजूला झाडू-फडक्यांचं कपाट, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्यांची चळत, आणि मध्ये लिनक्सवर चालणारा मेल सर्व्हर. कार्यालयात न बोलता, न रजा घेता, न चहाला उठता काम करणारा तो एकटाच. म्हणून त्याला जिन्याखाली ठेवलं होतं. त्याची देखभाल करणाऱ्या माणसाचं पद 'प्रणाली सहायक (तात्पुरता)' असं होतं. तो नऊ वर्षं तात्पुरता होता. दूधवाला, भाजीवाला तसा सगळे त्याला सर्व्हरवाला म्हणत.

सर्व्हरवाल्याने फिल्टर बसवला आणि त्याच क्षणी कार्यालयात येणारी प्रत्येक मेल थांबली.

आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई दुपारी जिन्याखाली वाकून आल्या. "काय रे, सकाळपासून एक मेल नाही. मेलं की काय तुझं मशीन?"

"मेलं नाही, ताई. सर्व्हर टपाल घेऊन फिल्टरच्या दाराशी उभा आहे, फिल्टर दार उघडत नाही. दाराची परवानगी फक्त फिल्टरच्या गटातल्यांना आहे आणि सर्व्हर त्या गटात नाही."

"दोघं राहतात कुठे?"

"एकाच डब्यात."

"म्हणजे रस्ते आणि गटारे."

"तसंच समजा."

"मग तोवर लोकांना काय सांगतंय ते?"

सर्व्हरवाल्याने पडद्यावरची ओळ दाखवली. "चारशे एक्कावन्न. तात्पुरती अडचण आहे, नंतर प्रयत्न करा."

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि ओळ दोनदा वाचली. "अगं बाई! हे तर आपल्यातलंच निघालं!"

फिल्टरमध्ये आणखीही एक सोय होती, तीही सर्व्हरवाल्याने समजावली. अनोळखी माणसाची मेल पहिल्या खेपेला मुद्दाम परत पाठवायची. खोटा असेल तर तो पुन्हा येत नाही. खरा असेल तर थोड्या वेळाने परत येतोच.

"यासाठी मशीन कशाला?" ताई म्हणाल्या. "मी एकवीस वर्षं हेच करतेय."

तीन दिवस सर्व्हरवाल्याने नोंदी वाचल्या, दार तपासलं, कडी तपासली, दाराची जागा बदलली. तीन दिवस शहराला 'नंतर या' एवढंच उत्तर जात राहिलं आणि एकाही नागरिकाला त्यात काही वेगळं घडतंय असं वाटलं नाही. शेवटी दोष एका ओळीत सुटला: सर्व्हरला फिल्टरच्या गटात घ्यायचं आणि दोघांना एकदा बंद करून चालू करायचं. नऊ वर्षांत स्वतःसाठी त्याला जे जमलं नव्हतं, ते त्याने यंत्रासाठी आठ सेकंदांत केलं.

साहेब मात्र थोडे खट्टू झाले. "तीन दिवस किती शांत होतं हो," ते म्हणाले.

आता फिल्टर काम करू लागला. तो प्रत्येक मेलला गुण देई. एकेका शब्दाला, एकेका वाक्याला गुण. बेरीज पाच झाली की मेल कचऱ्यात. बेरीज उणे गेली तर मेल लाडकी, थेट वरच्या रांगेत. पण कशाला किती गुण द्यायचे हे फिल्टर पोटातून शिकून येत नाही, त्याला ते शिकवावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाच्या पेटीतल्या जुन्या 'कचरा' कप्प्याशेजारी 'कामाचं' असा दुसरा कप्पा झाला. माणसाने ज्यात जे टाकलं, ते बघून फिल्टर शहाणा होणार.

आणि इथे एका शब्दाने घात केला. फिल्टरसोबत आलेल्या माहितीपत्रकात 'नको असलेले टपाल' असा शब्दप्रयोग होता. साहेबांनी तो जसाच्या तसा परिपत्रकात उचलला: 'सर्व कर्मचाऱ्यांनी आपणास नको असलेले टपाल कचरा या कप्प्यात टाकावे. कसूर झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल.'

सरकारी आदेशाचं इतकं तंतोतंत पालन त्या इमारतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

दोन आठवड्यांनी सर्व्हरवाल्याने फिल्टरची वही उघडली. 'नम्र विनंती' या शब्दांना सव्वातीन गुण होते. 'वारंवार'ला अडीच. 'उघडे गटार' चार. 'आजतागायत' दोन. 'आपला विश्वासू' आणि 'आपली विश्वासू', स्त्री-पुरुष भेद न करता, दीड. दुसऱ्या बाजूला 'मोफत' उणे दोन, 'निवड झाली' उणे तीन आणि 'गुडघा' उणे साडेतीन. कारण कक्षातली निम्मी माणसं पन्नाशीच्या पुढची होती आणि ती मेल तिथे खरोखरच कामाची होती.

तो कागद घेऊन साहेबांकडे गेला.

"साहेब, फिल्टर उलटं शिकलाय. जाहिराती आत येतात आणि तक्रारी कचऱ्यात जातात."

"किती तक्रारी आल्या या आठवड्यात?"

"आत? एकही नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला समाधान म्हणायचं की मोक्ष, हे ठरवणं अवघड होतं. "एकही नाही," ते म्हणाले. "अहो, मग शहर सुधारलं!"

"शहर तिथेच आहे, साहेब. तक्रारी दिसत नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

महिन्याभरात दारावर फलक लागला: 'शून्य प्रलंबित तक्रारी'. वरच्या कार्यालयाने दखल घेतली. बाकीचे विभाग जिन्याखाली येऊन विचारू लागले की असाच फिल्टर टेलिफोनला बसतो का, आणि खिडकीला. साहेबांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली: मेल कचऱ्यात गेली हे पाठवणाऱ्याला कळता कामा नये. "कळलं की तो त्याची तक्रार करणार. कशाला उगाच यंत्रावर ताण?"

अशा परिस्थितीत बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भाषेच्या बाई. सर्व्हरवाला त्यांच्या हाताखालून गेला होता. अर्ज कसा लिहावा हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं होतं की तक्रार ईमेलनेच करा. केली, म्हणाल्या. अकरा वेळा केली. खिडकीने सांगितलं, आमच्याकडे आलीच नाही. बाई मग विचारत विचारत जिन्याखाली पोचल्या, वाकल्या नाहीत म्हणून डोकं आपटलं, आणि मोडक्या खुर्च्यांपैकी त्यातल्या त्यात चारही पाय असलेल्या खुर्चीवर बसल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. घराच्या फाटकासमोर, पदपथाच्या ऐन मधोमध, गटाराचं झाकण नाहीसं झालं होतं. घरात त्यांचे यजमान, भूगोलाचे सर. सरांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. तरी रोज सकाळी पांढरी काठी घेऊन ते एकटे वाचनालयापर्यंत जात. तिथे तीन मित्र आळीपाळीने वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि सर त्या तिघांच्या चुका काढत. फाटकापासून वाचनालयापर्यंत पाचशे सव्वीस पावलं. झाकण गेल्यापासून सर घरात बसून होते. चार महिने.

"चिडचिड करतात का?" सर्व्हरवाल्याने विचारलं.

"चिडले असते तर मी आले नसते," बाई म्हणाल्या. "गप्प झालेत. परवा मी नद्यांची नावं मुद्दाम चुकीच्या क्रमाने घेतली. काही बोलले नाहीत."

सर्व्हरवाल्याने कचऱ्याचा कप्पा उघडला. अकराच्या अकरा मेल तिथे होत्या, तारीखवार, शुद्ध, परिच्छेद सोडलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर गुणपत्रिका. त्याने पहिली वाचून दाखवली.

"'महोदय' पाऊण गुण. 'नम्र विनंती' सव्वातीन. 'वारंवार' अडीच. 'उघडे गटार' चार. 'आपली विश्वासू' दीड. एकूण बारा."

"पैकी किती?"

"पैकी नसतं, बाई. पाच झाले की नापास."

"म्हणजे जितके गुण जास्त तितकं वाईट?"

"हो."

"आणि शेवटच्या अर्जाला?"

"एकोणीस. त्यात तुम्ही 'अकराव्यांदा' लिहिलंय. जितक्यांदा तेच लिहाल, तितके चढतात."

"तुला मी अर्जाला दहात किती दिले होते, आठवतं?"

"सहा. 'विनंती'ला दीर्घ 'वी' काढली म्हणून."

"आज बरं झालं असतं ते," बाई म्हणाल्या. "दीर्घ काढली असती तर निसटली असती तुझ्या या ठोंब्याच्या हातून."

खरं होतं ते. फिल्टर फक्त शुद्ध विनंती पकडत होता.

सर्व्हरवाल्याने आधी सरळ मार्ग धरला. साहेबांना तोंडी सांगितलं की फिल्टरची शिकवणी पुसून नव्याने शिकवू द्या. साहेब म्हणाले, तोंडी नको, मेल करा. त्याने मेल केली. चार दिवसांनी साहेब म्हणाले, मेल आलीच नाही. आलीच नव्हती, त्यात 'नम्र विनंती' होती. त्याने विनंती काढून लिहिलं. तेव्हा 'महोदय', 'वारंवार' आणि 'आजतागायत' यांनी मिळून घात केला. सगळं काढून त्याने शेवटी 'फिल्टर बिघडला आहे' एवढंच पाठवलं. ते पोचलं, आणि साहेबांनी 'बिघडला असता तर ही मेल मला मिळाली असती का?' असं उत्तर दिलं.

मग त्याने स्वतःच्या जबाबदारीवर एक चोरी केली. फिल्टरच्या मोकळ्या यादीत, म्हणजे ज्यांना गुण न मोजता आत सोडायचं त्या यादीत, बाईंचा पत्ता घातला. बाईंची मेल थेट ताईंच्या पेटीत जाऊन पडली. तो धावत वर गेला.

ताईंनी ती दोन सेकंद बघितली आणि कचऱ्यात टाकली.

"ताई! अहो, खरी तक्रार आहे ती!"

"मला काय डोळे नाहीत? खरी आहे म्हणून तर नकोय. खोटी असती तर गंमत म्हणून वाचली तरी असती." ताईंनी आवाज खाली आणला. "हे बघ, तू चांगला मुलगा आहेस. दारावरचा फलक वाचलास ना? मी नोंद केली तर शून्याचा एक होतो. आणि एक झाला की साहेब विचारणार, हा एक आणला कुणी?"

आणि ताईंच्या त्या टिचकीने 'उघडे गटार'चे चारचे साडेचार गुण झाले. फिल्टर चुकत नव्हता. तो इमारतीतल्या माणसांचं मन जसंच्या तसं वाचत होता, आणि तेवढा एकच होता तिथे प्रामाणिक.

ते जेव्हा सर्व्हरवाल्याच्या नीट डोक्यात शिरलं, तेव्हा तो बाईंच्या घरी गेला. फाटकाशी येताना उजवा पाय उचलून खड्डा ओलांडला. सर आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसले होते.

"बाई, तक्रार लिहायची नाही," तो म्हणाला. "जाहिरात लिहायची."

"मी?"

"मी सांगतो कोणत्या शब्दाला उणे किती. बाकी भाषा तुमची."

बाईंनी आधी नकार दिला, मग कागद घेतला. तासाभरात खाडाखोड करून मजकूर तयार झाला:

'अभिनंदन! आपली निवड झाली आहे! शहराच्या ऐन मध्यवस्तीत, वाचनालयापासून अवघ्या सव्वापाचशे पावलांवर, हवेशीर भूमिगत जागा! वर छप्पर नाही, आत खांब नाही! चोवीस तास वाहते पाणी! जिना चढण्याचा त्रास नाही, गुडघ्यांना एकदाच काय तो त्रास! पाय टाकताक्षणी थेट प्रवेश! संपूर्ण मोफत! प्रत्यक्ष पाहणी फक्त आज, पत्ता खाली!'

"इतकी उद्गारचिन्हं मी अख्ख्या नोकरीत वापरली नव्हती," बाई म्हणाल्या. मग कागद लांब धरून पुन्हा वाचला. "खोटं वाक्य एकही नाही ना यात?"

"एकही नाही."

"मग पाठव."

फिल्टरने त्याला उणे साडेअकरा गुण दिले. एवढं प्रेम त्याने आजवर कुणावर केलं नव्हतं. साहेबांनी ती तीन मिनिटांत उघडली. अर्ध्या तासात कार्यालयाची गाडी गल्लीत शिरली. मागच्या सीटवर ताई होत्या. त्यांचीही निवड झाली होती.

साहेब उतरले, इमारतींकडे वर बघत, हातातल्या मोबाइलवर पत्ता तपासत चालू लागले. बाई फाटकात उभ्या होत्या, सर त्यांच्या मागे पायरीवर.

"इथे ती भूमिगत जागा कुठे आहे हो?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या पुढच्या पावलात," सर म्हणाले.

साहेबांनी खाली पाहिलं आणि उचललेला पाय तसाच मागे घेतला. खालून पाण्याचा आवाज आला. जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे ते वाहत होतं.

"अहो, ही तर तक्रार आहे!"

"बारावी," बाई म्हणाल्या.

"ही शुद्ध फसवणूक आहे! जबाबदार माणसांनी असं..." साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि ताईंना हळूच म्हणाले, "मोठा आहे हो."

"आता पाहिलात ना? झाकण बसवा," बाई म्हणाल्या.

"असं बघा, बाई. झाकण तक्रार क्रमांकावर निघतं. क्रमांक दिला की शून्य जातं. परवा वरून पथक येतंय, खास शून्य बघायला. त्यांच्याकडे शून्यासाठी प्रमाणपत्र आहे, एकासाठी नाही. मी त्यांना काय दाखवू?"

"खड्डा दाखवा."

"तो आमच्या नोंदीत नाही. नसलेला खड्डा दाखवला तर माझ्यावरच कारवाई होईल."

पायरीवरून सर म्हणाले, "मग मी नोंदीत नसलेल्या खड्ड्यात पडलो, तर पडलो असं म्हणता येईल का?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "सर, तो प्रश्न आरोग्य विभागाचा."

ताईंना तेवढ्यात वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "साहेब, सामूहिकचं सांगा की त्यांना."

"हां, सामूहिक! वीस घरांनी मिळून लेखी तक्रार केली की ती फिल्टरला विचारत नाही. थेट माझ्या टेबलावर. मग शून्य गेलं तरी माझा इलाज नाही, झाकण द्यावंच लागतं. तुमच्या गल्लीत घरं किती?"

"बासष्ट."

"मग काय? वीसच आणा," साहेब म्हणाले. हे त्यांनी इतक्या निर्धास्तपणे सांगितलं की गल्ली त्यांना यंत्रापेक्षा जास्त ठाऊक असावी. गाडी मागे घेताना ड्रायव्हरने खड्डा मात्र व्यवस्थित टाळला.

"वीस घरं," बाई सर्व्हरवाल्याला म्हणाल्या. "अरे, मी पहिल्याच आठवड्यात बासष्ट घरांना लिहिलं होतं. विभागाने घरोघर त्या नागरिक पेट्या, म्हणजे ईमेलचे पत्ते, दिल्यात ना, त्यांवर. सह्या नकोत, वेळ नको, फक्त 'हो' एवढं उत्तर पाठवा म्हटलं. एकाचंही आलं नाही. तुझ्या त्या चाळणीनेच अडवली असणार."

"हो, बाई, चाळणीनेच. मी बघतो," तो म्हणाला. आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की झाकण गेलं त्या आठवड्यात फिल्टर बसायला अजून महिना होता.

जिन्याखाली येऊन त्याने जुन्या नोंदी काढल्या. बाईंचं पत्र बासष्टच्या बासष्ट घरी पोचलं होतं. सुखरूप, काही सेकंदांत. विषयाच्या जागी लिहिलं होतं 'नम्र विनंती'. अठ्ठावन्न घरांनी ते न उघडता, हाताने, कचऱ्यात टाकलं होतं. चार घरांनी उघडलं, पूर्ण वाचलं, आणि मग टाकलं.

आणि फिल्टर बसवल्या दिवशी, पहिला धडा म्हणून, सर्व्हरवाल्याने त्याला सर्व्हरवरच्या सगळ्या पेट्यांमधला जुना कचरा चारला होता. कार्यालयातला थोडा, नागरिक पेट्यांमधला ढिगाने. 'नम्र विनंती'चे सव्वातीन गुण साहेबांनी दिलेले नव्हते. ताईंनीही नाही. परिपत्रक निघायच्या आधीच ते वहीत होते. कार्यालय नंतर आलं. त्याने फक्त गल्लीचा कित्ता गिरवला.

यादी नावानिशी, वेळेनिशी होती. इथे ती देता येईल, पण देत नाही. तुम्ही आधी आपलं नाव शोधाल, सापडलं नाही की हुश्श कराल, आणि मग साहेबांवर उरलेलं हसून घ्याल. यादीच्या तळाशी त्रेसष्टावी प्रत होती, गल्लीबाहेर गेलेली, एका जुन्या विद्यार्थ्याला. सकाळी नऊ अठ्ठावीसला टाकलेली. म्हणजे बसमध्ये, उभ्याने, एका अंगठ्याने. सर्व्हरवाल्याला ती टाकल्याचं आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंकडे गेला. रात्रभरात एक खोटं चांगलं घासूनपुसून ठेवलं होतं: जुना दोष, दाराची परवानगी, वेगळे गट. ते सांगायला त्याने तोंड उघडलं.

"किती जणांनी वाचलं होतं?" सरांनी आतून विचारलं.

"चार."

"आणि बाकीच्यांनी?"

सर्व्हरवाल्याने अंगठा मुठीत लपवला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्याने जे सांगितलं नाही तेही त्यांनी वाचलं असावं, कारण त्या आत निघून गेल्या.

सर मात्र उठले. कोपऱ्यातून काठी घेतली, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागले.

"अहो, कुठे निघालात?" बाई धावत बाहेर आल्या. "खड्डा आहे!"

"तो कुठे आहे हे या गल्लीत नक्की माहीत असलेला मी एकटाच आहे. तुम्हा डोळसांचा काही भरवसा नाही." फाटकाबाहेर पाच पावलांवर त्यांनी काठी टेकवली. टोक खड्ड्याच्या कडेवर वाजलं. काठीने त्यांनी कड चाचपली, पूर्ण गोल, जसा वर्गात पृथ्वीच्या गोलावर एखादा किनारा दाखवत असतील तसा, आणि डावीकडून वळसा घेतला. सर्व्हरवाला हात पुढे करून मागे होता. सरांना त्या हाताची गरज पडली नाही.

समोरून तीन घरं सोडून राहणारा एक गृहस्थ कामावर निघाला होता. पाठीवर बॅग, मान खाली, मोबाइल हातात, अंगठा भराभर डावीकडे सरकत होता. सकाळची पेटी रिकामी करत होता. सरांना पावलांचा आवाज आला, वेग कळला, दिशा कळली. त्यांनी काठी आडवी त्याच्या छातीवर धरली.

"थांबा."

गृहस्थ थांबला. त्रासिक नजरेने त्याने आधी काठी पाहिली, मग सर, आणि मग खाली, स्वतःच्या बुटांच्या टोकांपुढे. खालून गार वारा आणि पाण्याचा आवाज येत होता.

"बापरे," तो म्हणाला. तो सावरला आणि मग त्याला रीतसर राग आला. "कमाल आहे तुमची, आजोबा! दारातच एवढा खड्डा, आणि गल्लीत कुणाला पत्ता नाही? आम्ही काय परके आहोत? सगळ्यांना एक मेल टाकायला काय झालं होतं?"

आणि वळसा घालून जाता जाता त्याचा अंगठा पुन्हा कामाला लागला.